फॉर्म 700 वरची सही

जुहूहून उडालेलं वापिती विमान दक्षिणेला वळलं की पंधरा-वीस मिनिटांत कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येई. आजच्या रायगडचं तेव्हाचं नाव कुलाबा. ते बदललं 1981 मध्ये. डाव्या हाताला मांडवा, किहीम आणि खाली खांदेरी-उंदेरी. मग भरतीच्या पाण्यात उभा असलेला अलिबागचा किल्ला, रेवदंड्याची खाडी, कोर्लईचा समुद्रात शिरलेला डोंगर आणि त्याही पुढे सिद्दीचा जंजिरा. समोर बसलेला वैमानिक दुसऱ्या महायुद्धाच्या नोकरीवर होता आणि त्याच्या पाठीमागे वाऱ्यात उभा असलेला माणूसही. वैमानिकाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हा लेख मागच्या माणसाबद्दल आहे, आणि विमान परत येईपर्यंत जमिनीवर वाट बघत बसणाऱ्यांबद्दल.

वापिती हे तेव्हाही म्हातारंच यंत्र होतं. 1927 साली पहिल्यांदा उडालेलं, दुहेरी पंखांचं, उघड्या कॉकपिटचं. पहिल्या महायुद्धातल्या डी. एच. नाइन-ए विमानांच्या सुट्या भागांचे ढीग गोदामांत पडून होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून वापितीचे पंखच त्या मापाचे ठेवले होते. मागच्या माणसापाशी लुइस गन असे. ती फिरवायची तर उभं राहावं लागे, आणि विमान कलंडलं तर माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली साखळी विमानाच्या तळाशी बांधलेली असे. तिला म्हणत 'मंकी चेन'. हवाई दलाच्या सुरुवातीच्या वर्षांत हा तोफची बहुधा वेगळा नेमलेला नसे. सकाळी ज्यानं इंजिन उघडलं किंवा पंखांच्या तारा ताणल्या, तोच फिटर नाहीतर रिगर दुपारी बंदुकीमागे उभा राही. बाहीवर पंख असलेल्या गोळीचा पितळी बिल्ला मिळे. आपण दुरुस्त केलेल्या यंत्रात आपणच बसायचं असल्यावर स्क्रू ढिला ठेवायची हिंमत कोण करील?

ही विमानं जुहूला आली ती किनारा संरक्षण तुकड्यांच्या योजनेतून. युद्ध पेटलं तेव्हा, सप्टेंबर 1939 मध्ये, भारतीय हवाई दलाचं एकच स्क्वॉड्रन होतं आणि अधिकारी अवघे सोळा. मोठ्या बंदरांवर लक्ष ठेवायला हवाई दलाची राखीव स्वयंसेवक शाखा उभी राहिली आणि मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन अशा बंदरांना एकेक तुकडी मिळाली. मुंबईची दुसऱ्या क्रमांकाची तुकडी, मुक्काम जुहू. तिचे वैमानिक बरेचसे फ्लाइंग क्लबांत लायसन्स काढलेले हौशी, किंवा व्यापारी विमानं चालवणारे. बंदराकडे येणाऱ्या जहाजांच्या तांड्यांना सोबत करायची, समुद्रावर पाणबुडीचा किंवा अनोळखी जहाजाचा माग दिसतो का ते पाहायचं, परत यायचं. दिवसचे दिवस काहीच दिसायचं नाही. युद्धातल्या बहुतेक नोकऱ्या अशाच असतात. कंटाळ्याचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही.

जुहूचा विमानतळ 1928 पासूनचा. ऑक्टोबर 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उतरले ते इथेच. पण पावसाळा लागला की त्या जमिनीचा चिखल होई, आणि टाटांची टपालसेवा चार महिने पुण्याला मुक्काम हलवी. खाली कोकणातही तेच घडायचं. मृगाच्या आसपास आगबोटी बंद, मचवे शाकारून वर ओढलेले आणि मुंबईला जायचं तर धरमतर-पेणच्या बाजूनं जमिनीची वाट धरायची. विमान म्हणजे नव्या युगाची भरारी वगैरे भाषा वर्तमानपत्रांत चालू होती. पण जुहूचं विमान आणि रेवसचा मचवा, दोघांनाही नारळी पौर्णिमेचीच वाट पाहावी लागे.

आता या साध्या माणसाकडे येऊ. 1945 मध्ये युद्ध संपलं तेव्हा हवाई दलात सुमारे 28,500 माणसं होती. त्यांतले अधिकारी साधारण 1,600. म्हणजे एका अधिकाऱ्यामागे सोळा-सतरा बिनअधिकारी माणसं. अधिकाऱ्यांतही सगळे उडणारे नव्हते. उरलेले फिटर, रिगर, आर्मरर, वायरलेस ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, कारकून, स्टोअरवाले, आचारी. त्यांचा हुद्दा एअरक्राफ्ट्समन दुसरा वर्ग इथून सुरू होई, मग पहिला वर्ग, मग लीडिंग एअरक्राफ्ट्समन, कॉर्पोरल, सार्जंट. त्याआधी, 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर चार वापिती विमानांनिशी पहिलं स्क्वॉड्रन उभं राहिलं तेव्हा या मंडळींना 'हवाई सिपाही' म्हणत. ते होते एकोणीस.

या एकोणिसांच्या पिढीतला हरजिंदर सिंग हा माणूस इथे सांगायलाच हवा. लाहोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला मुलगा, पण अधिकारी न होता हवाई सिपाही म्हणून दाखल झाला. घरच्यांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. पुढे तो हवाई दलातला पहिला भारतीय वॉरंट ऑफिसर झाला, मग अधिकारी, आणि स्वातंत्र्यानंतर एअर व्हाइस मार्शल. कानपूरला अ‍ॅव्हरो विमान बांधायचा कारखाना उभा राहिला तो त्याच्या धडपडीतून. अर्थात असा चढ एखाद्यालाच मिळतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांची नोकरी दोन-तीन पट्ट्यांपर्यंत जाऊन थांबली.

कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर फौजेची नोकरी नवी नव्हती. दर्यावर्दी घरांतली मुलं नौदलात आणि व्यापारी जहाजांवर जात; महार-मराठ्यांची मुलं पायदळात. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत इंग्रजांनी दगड बसवले: या गावातून इतके लोक लढाईला गेले, इतके परत आले नाहीत. तो हिशेब गावाचा होता, कारण भरतीच गावागावांतून, जातवार पलटणींसाठी होत असे. हवाई दलाची भरती मात्र एकेका उमेदवाराची होती. जातीच्या कंपन्या तिथे नव्हत्या. इंग्रजी वाचता येतं का, हिशेब येतो का, हाताला कसब आहे का, एवढं बघायचे, कारण यंत्रांची सगळी पुस्तकं इंग्रजीत. त्यामुळे इथे गेला तो गावाबरोबर गेला नाही, एकटा गेला. मॅट्रिकपर्यंत पोचलेला, मुंबईला काकाकडे किंवा चाळीतल्या खोलीत दहा जणांत राहून नोकरी शोधणारा, परळच्या रेल्वे वर्कशॉपात किंवा एखाद्या गॅरेजात हात काळे केलेला. दुसऱ्या महायुद्धाचे दगड गावांत दिसत नाहीत त्याचं एक कारण हेही असावं.

का गेला? देशभक्ती, राजनिष्ठा असली उत्तरं मला पटत नाहीत. त्या जिल्ह्याची त्या वर्षांतली हवाच पाहा. 1930 मध्ये चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झालेला. चरीचा शेतकऱ्यांचा संप सहा वर्षं चालून नुकता मिटलेला. खोपोली, भिवपुरी, भिरा ही टाटांची तिन्ही जलविद्युत केंद्रं याच जिल्ह्यात, आणि मुंबईच्या गिरण्या नि कारखाने त्या विजेवर चालत. 1942 च्या उठावात माथेरानच्या वकील भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं त्याच विजेचे मनोरे पाडायला घेतले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. एका तालुक्यातला मुलगा मनोरा कापतोय आणि शेजारच्या तालुक्यातला इंग्रजांच्या विमानाचं इंजिन दुरुस्त करतोय. दोघांनाही एकमेकांचा राग आला असेलच असं नाही. सावरकर तरुणांना सांगत होते, सैन्यात शिरा, शस्त्र शिका. डॉ. आंबेडकर जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, आणि कारागीर घडवणारी सरकारची तांत्रिक शिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. गांधींची हाक दुसरीकडे ओढत होती. या तिन्ही आवाजांच्या खाली एक चौथा आवाज होता: महिन्याच्या महिन्याला घरी जाणारी मनीऑर्डर. कोकणातल्या घराला तो आवाज सगळ्यांत आधी ऐकू येतो. शिवाय हातात येणारं काम, जे लढाई संपली तरी पोट भरील.

मग लाहोर, अंबाला. खाडीकाठच्या मुलाला पंजाबातला जानेवारी म्हणजे शिक्षाच. पहाटे परेड, थंडगार लोखंडाचे पाने, गव्हाची रोटी रोज दोन्ही वेळा आणि मासळीचं नाव नाही. बराकीत बंगाली, मद्रासी, पंजाबी, पठाण. बोलायची भाषा मोडकी हिंदुस्थानी, शिव्या सगळ्या प्रांतांच्या. किट इन्स्पेक्शनला चादरीची घडी इंचात मोजायची. ब्रिटिश एअरमन शेजारच्या बराकीत, त्याच कामाला त्याचा पगार जास्त, आणि हे सगळ्यांना माहीत.

आणि मग विमान हाताशी येई. इथे जरा थांबतो, कारण या माणसाचं युद्ध जर कुठे घडलं असेल तर ते एका छापील कागदावर.

ब्रिटिश हवाई दलाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक विमानाची एक वही असे. तिचं नाव फॉर्म 700. विमान रोज तपासायचं आणि ज्यानं जे तपासलं त्यानं तिथे सही करायची. इंजिन फिटरची सही इंजिनापुरती: तेल किती, पेट्रोल किती, प्लग, पाइप, गळती. सांगाड्याचा फिटर पंख, शेपूट, चाकं, नियंत्रणाच्या तारा बघून सही करी. आर्मरर बंदुकांसाठी, वायरलेसवाला सेटसाठी, उपकरणवाला घड्याळांसाठी. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर शेवटी वैमानिक सही करी, म्हणजे विमान त्यानं ताब्यात घेतलं. वैमानिक श्रीमंत घरचा असो, केंब्रिजचा असो, गोरा असो, अठरा-वीस वर्षांच्या पोराची सही खाली दिसल्याशिवाय त्याला उडता येत नसे. आणि विमान परत आलं नाही तर सगळ्यांत आधी वही जप्त होई. कोणाची सही, कोणत्या तारखेची. विमान शत्रूनं पाडलं की इंजिन बंद पडलं, याचं उत्तर कळेपर्यंत त्या पोराला झोप लागत नसणार.

सह्यांच्या आतलं काम वेगळंच. हरिकेन विमानाचा मागचा अर्धा भाग कापडाचा असे. गोळी आरपार गेली की भोकावर कापडाचं ठिगळ लावून त्यावर डोप नावाचा वार्निशासारखा रोगण फासायचा. तो वाळला की कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जाई. वासानं डोकं दुखे. चार तोफांत वीस मिलिमीटरच्या गोळ्यांच्या माळा भरायच्या. एखादी गोळी पट्ट्यात जरा वाकडी बसली तर ऐन हल्ल्यात तोफ अडकणार. इंजिन सुरू करायला बॅटऱ्यांची ढकलगाडी ओढत आणायची. चाकांमागचे चॉक काढायचे आणि पंख्यापासून अंग चोरून बाजूला व्हायचं.

होकायंत्राचंही एक काम असे. विमानात इतकं लोखंड आणि इतक्या तारा की चुंबकसुई थोडी हटतेच. म्हणून विमान मोकळ्या जागी नेऊन एकेका दिशेला तोंड करून उभं करायचं, सुई किती हटते ते टिपायचं आणि तो तक्ता कॉकपिटमध्ये चिकटवायचा. हा उपद्व्याप अलिबागकरांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या गावात 1904 पासून चुंबकीय वेधशाळा चालू होती. मुंबईच्या कुलाब्यात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजणी बिघडणार, म्हणून वेधशाळेची उपकरणं समुद्रापलीकडे अलिबागला आणली. इमारत पोरबंदरच्या दगडाची, आत लोखंडाचा खिळा चालत नाही. विमानदळात भरती झालेल्या अलिबागच्या पोराला इतकी अचूक चुंबकसुई आपल्या घराशेजारीच आहे याचा अभिमान वाटला असला तर नवल नाही.

मुंबईकरांनी या युद्धाला विमानंही दिली होती. बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडातून घेतलेली बारा लायसँडर विमानं नोव्हेंबर 1941 मध्ये पेशावरला पहिल्या स्क्वॉड्रनच्या हवाली झाली. फेब्रुवारी 1942 मध्ये हे स्क्वॉड्रन करुण कृष्ण मजुमदार यांच्या हाताखाली ब्रह्मदेशात टाउंगूला पोचलं. लायसँडर हे टेहळणीचं, सैन्याला मदत करायचं संथ विमान. त्याला 250 पौंडांचे दोन बॉम्ब लावून मजुमदारांनी सयामच्या हद्दीतल्या जपानी विमानतळावर हल्ला केला. बॉम्ब लावायची सोय करणारे हात जमिनीवरच्या माणसांचे होते. त्यांच्यात वॉरंट ऑफिसर हरजिंदर सिंग होताच, आणि ब्रह्मदेशातल्या त्या कामाबद्दल त्याला एम. बी. ई. मिळालं. 8 मार्चला रंगून पडलं. स्क्वॉड्रन परत आलं.

रंगून पडल्याची बातमी कोकणात दोन वाटांनी पोचली. एक वर्तमानपत्रातून आणि दुसरी वाण्याच्या दुकानातून. ब्रह्मदेशातून दरसाल लाखो टन तांदूळ हिंदुस्थानात येई, आणि मुंबईचं नि पश्चिम किनाऱ्याचं ताट बरंचसं त्याच्यावर भरे. तो एका महिन्यात बंद झाला. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. कुलाबा जिल्हा स्वतः भात पिकवणारा. पण आता त्या भातावर सरकारची आणि काळाबाजारवाल्यांची नजर होती. मुलाच्या मनीऑर्डरचे रुपये तेवढेच, त्यात येणारे तांदूळ कमी.

एप्रिल 1942 मध्ये जपानी आरमारानं कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, आणि अरबी समुद्रात जपानी पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं बुडवली. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली 'तिलावा' ही प्रवासी आगबोट पाणबुडीनं बुडवली. सुमारे 280 माणसं गेली. ती बुडाली मुंबईपासून शेकडो मैलांवर. जुहूच्या वापितीची धाव तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. किनाऱ्यावरून घिरट्या घालणारं विमान पाहून खाली मासेमाऱ्याला जो धीर वाटत असेल तो वाटो. त्या विमानांच्या आवाक्यातलं काम फार थोडं होतं, हे मान्य करायला हरकत नाही. 1942 च्या अखेरीस किनारा संरक्षण तुकड्या मोडल्या. त्यांतली माणसं डिसेंबरात उभ्या राहिलेल्या सातव्या आणि आठव्या स्क्वॉड्रनमध्ये गेली. तिथे त्यांना मिळालं अमेरिकन व्हेंजन्स: उभ्या सुरानं खाली झेपावून बॉम्ब टाकणारं, भारी, आणि इंजिनाच्या तक्रारींनी फिटरांचा जीव खाणारं. समुद्रावरून थेट आसाम-आराकानच्या जंगलात.

इंफाळचं नाव हवाई दलाच्या इतिहासात येतं ते अर्जन सिंगांच्या पहिल्या स्क्वॉड्रनमुळे. फेब्रुवारी 1944 मध्ये हरिकेन घेऊन ते तिथे गेले ते चौदा महिने राहिले. मार्चअखेर जपान्यांनी कोहिमाचा रस्ता कापला आणि 22 जूनपर्यंत इंफाळ वेढ्यात होतं. येणं-जाणं फक्त विमानानं. लढाईला ज्यांची गरज नाही अशा हजारो लोकांना विमानांनी बाहेर काढलं. फिटर-आर्मरर अर्थातच राहिले. बांबूच्या झोपड्यांत, म्हणजे बाशांत, राहायचं. दिवसा विमानं दुरुस्त करायची आणि रात्री रायफल घेऊन धावपट्टीभोवतीच्या खंदकात पहारा करायचा. रेशन कापलेलं. मलेरियासाठी रोज मेपाक्रिनची गोळी, तिनं कातडी पिवळी पडे. मे-जूनचा पाऊस तिथेही कोकणासारखाच, फक्त समुद्र नाही. विमानांच्या चाकांना लागलेला चिखल खरवडून काढणं हीसुद्धा ड्यूटीच.

या वेढ्यातच 14 एप्रिल 1944 ची तारीख येते. त्या दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. ते जहाज इंग्लंडहून आलं तेव्हा त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकांबरोबर खोक्यांत बंद केलेली स्पिटफायर विमानंही होती. ती कराचीला उतरली आणि रिकाम्या जागेत कापसाच्या गासड्या चढवल्या. कापसाला आग लागली आणि आग स्फोटकांपर्यंत गेली. आवाज पन्नास मैलांवर ऐकू आला. बंदराच्या पलीकडच्या तीरावर उरण, मोरा, रेवस. समुद्रावरून अंतर किती ते नकाशावर बोटानं मोजता येईल. भाऊच्या धक्क्यावरून रोज ये-जा करणाऱ्या घरांतला कोणी ना कोणी गोदीत कामाला असेच. मेलेल्यांचा अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातो.

सरकारनं बातमी दाबली. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं ती सविस्तर सांगितली, पण हिंदुस्थानातल्या वार्ताहरांना तपशील पाठवायची परवानगी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. वेढ्यातल्या कुलाबाकराची अवस्था काय झाली असेल पाहा. शत्रूचा रेडिओ म्हणतो, मुंबई जळाली. आपलं सरकार काहीच म्हणत नाही. घरून पत्र आलंच तर सेन्सॉरच्या कात्रीतून. घरी तर त्याला युद्धावर पाठवलंय म्हणून देव पाण्यात ठेवलेले, आणि तो तिकडे घरच्यांच्या काळजीत. हवाई दलाच्या इतिहासात त्या महिन्यातल्या उड्डाणांची नोंद आहे. या महिनाभराच्या गप्प बसण्याची नोंद कशात होणार?

मार्च 1945 मध्ये हवाई दलाच्या नावाआधी 'रॉयल' लागलं. ऑगस्टमध्ये युद्ध संपलं. घरी जायची घाई सगळ्यांनाच, गोऱ्यांना तर जास्तच. जानेवारी 1946 मध्ये कराचीच्या ड्रिग रोडवर ब्रिटिश एअरमननी काम बंद केलं: सुटका लवकर करा, आणि लढाई संपल्यावर किट इन्स्पेक्शनचे खेळ कशाला? संप हिंदुस्थानभर आणि सिंगापूरपर्यंत पसरला. गोऱ्यांनीच वाट दाखवल्यावर काळे मागे कसे राहतील? 18 फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नौसैनिकांनी बंड पुकारलं. त्यांत कोकणातली मुलं बरीच. मुंबईतल्या हवाई दलाच्या छावण्यांतल्या भारतीय जवानांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी काम थांबवलं. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली की आरमार नष्ट झालं तरी बेहत्तर, आणि 22 तारखेला हवाई दलाची विमानं बंदरावरून घिरट्या घालून गेली. त्याच पाण्यावरून चार-पाच वर्षांपूर्वी वापिती गस्त घालत असे. बंड दुसऱ्या दिवशी संपलं. नौसैनिकांची नावं आपण थोडीफार ओळखतो. हवाई जवानांचा संप इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात आटपतो, आणि त्याबद्दल मला आपल्या इतिहासकारांचा थोडा रागच आहे.

काही जण चौथ्या स्क्वॉड्रनबरोबर 1946 मध्ये जपानला गेले, पराभूत देशात पहारा द्यायला. बाकीचे सुटले. 1945 मध्ये स्थापन झालेल्या पुनर्वसन आणि रोजगार खात्याच्या कचेऱ्यांत नाव नोंदवायचं आणि रांगेत उभं राहायचं. पण ज्याला इंजिन कळतं त्याला फार दिवस रिकामं बसावं लागत नाही. विमान कंपन्या होत्या, रेल्वे होती, मुंबईच्या गिरण्या होत्या, 1948 पासून एस. टी.ची वर्कशॉपं निघाली. सुटीला गावी आला की पाण्याचा पंप, कुणाच्या लाँचचं बिघडलेलं इंजिन त्याच्याकडेच येई.

मुंबईत जन्मलेले, 1940 मध्ये वैमानिक म्हणून दाखल होऊन ब्रह्मदेशात लढलेले हृषीकेश मूळगावकर पुढे 1976 मध्ये वायुदलप्रमुख झाले. त्यांच्या उड्डाणांची नोंद आहे, कारण स्क्वॉड्रनच्या रोजनिशीत वैमानिकाचं नाव, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ लिहायचीच असे. त्यांच्या विमानावर सह्या करणाऱ्यांची नावं फॉर्म 700 मध्ये होती. विमान मोडीत निघालं की काही काळानं त्या वह्याही नष्ट केल्या जात.

राहिली असतील ती पदकं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात जुन्या पत्र्याच्या पेटीत ती अजून निघतात, आणि ती वाचता येतात. सहा टोकांचा तांबूस तारा आणि त्याच्या फितीत मधोमध लाल, दोन्ही बाजूंना निळ्या पट्ट्यांत नारिंगी रेघ असेल तर तो बर्मा स्टार: माणूस इंफाळ-आराकानकडे होता. इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर त्यानं देशातच, जुहू-अंबाल्यासारख्या तळांवर, तीन वर्षं काढली. दोन्ही असतील तर त्यानं दोन्हीकडे नोकरी केली. इंग्लंडात वाटलेल्या या पदकांवर नाव कोरलेलं नसे. हिंदुस्थानात दिलेल्यांवर मात्र कोरलेलं असे. पदकाची कडा आणि ताऱ्याची पाठ जुन्या चिंचेनं हलकेच घासून भिंगाखाली धरली तर नंबर, हुद्दा आणि नाव वाचता येतं. तो नंबर लिहून दिल्लीला सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करता येतो; अर्जात जन्मगाव आणि तेव्हाचा जिल्हा घालावा, आणि जिल्हा रायगड न लिहिता कुलाबाच लिहावा.